नजर प्रथम कोठे ठरते?

सलाबतखानाच्या ज्या अष्टकोनी मकबऱ्यास आपण नगरकर बिनदिक्कत ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतो, तो न्याहाळताना डोळा सेकंदास तीन-चार झेपा घेतो आणि सुस्पष्ट पाहतो ते जेमतेम दोन अंशांचे क्षेत्र. बाकीची भर मेंदूची. रंग, तेज व रेषांची दिशा यांतील भेद मोजून नजर कोठे ठरेल याचे, म्हणजेच अवधानाचे, गणित इट्टी, कॉख व नीबर या संशोधकांनी १९९८ साली संगणकासाठी मांडले. शेजारच्या नाशिकचे रमेश रास्कर, पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी व पुढे एमआयटीतील अध्यापक, मात्र डोळ्याच्या मर्यादेपलीकडे गेले: प्लास्टिकच्या बाटलीतून सरकणारा प्रकाशाचा झोत त्यांच्या चमूने २०११ साली चित्रित करून दाखविला. कमालच म्हणायची! पुढच्या खेपेस महालावर जाल तेव्हा आपली नजर प्रथम कोठे ठरते, तेवढे मात्र जरूर कळवा.