अपुऱ्या दिवसांचे बाळ आणि आईची जागा

अपुऱ्या दिवसांनी जन्मलेल्या बाळाचा श्वास यंत्राला सांभाळता येतो. त्याला दूध प्यायला शिकविणे मात्र यंत्राला साधत नाही. चोखणे, गिळणे व श्वास घेणे या तीन क्रियांचा मेळ गर्भाच्या ३४ व्या आठवड्याच्या सुमारास बसू लागतो. त्याआधी जन्मलेल्या बाळाला जठरापर्यंत सोडलेल्या बारीक नळीनेच दूध द्यावे लागते. त्याला इलाज नाही. परंतु आठवडेच्या आठवडे ज्या ओठांना नळी आणि चिकटपट्टी यांखेरीज दुसरा स्पर्शच ठाऊक नाही, ते बाळ पुढे स्तनापासूनही तोंड फिरवू लागले, तर दोष त्याला कसा द्यावा?

हे टाळण्याचे उपाय महागडे नाहीत. आईच्या चिकाचे थेंब बाळाच्या गालाला आतून लावावेत. नळीने दूध जात असतानाच, दूध काढून घेतलेल्या स्तनाशी त्याला चोखू द्यावे. पुढे तोंडाने पाजताना आपले जुने बोंडले बाटलीहून बरे. (आजीबाईंचे हे भांडे अतिदक्षता कक्षात मानाने नांदते आहे!) मात्र पाजणाऱ्याने घड्याळाकडे नव्हे, बाळाकडे पाहावे. ते जागे आहे काय, तोंडाने शोधते आहे काय, की दमून निळसर पडते आहे?

दूध कोणते, हा प्रश्नही तितकाच गंभीर आहे. आतड्याचा भाग सुजून मृत होण्याचा जीवघेणा विकार वरच्या दुधावरील अशा बाळांत अधिक आढळतो. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मातृदुग्धपेढी सुरू केली, ती यासाठीच. दान आलेले दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास ठेवून निर्जंतुक केले जाते. तरीही पेढी हा दुसरा पर्याय, पहिला आईचाच.

आणि नेमकी आईच अनेक कक्षांच्या दाराबाहेर बसलेली असते. जंतुसंसर्गाचे कारण पुढे केले जाते. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने या कारणातील हवाच काढून घेतली. १ ते १.८ किलो वजनाची बाळे जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी ठेवली, तेव्हा २८ दिवसांतील मृत्यू १२ टक्के झाले. नेहमीच्या पद्धतीने ठेवलेल्या बाळांत ते १५.७ टक्के होते. जंतुदोषही आईजवळच्या बाळांतच कमी आढळला. त्यासाठी दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात अतिदक्षता कक्षातच आयांच्या खाटा घातल्या गेल्या. आई स्वतः ओली बाळंतीण. तेव्हा तिला तपासणाऱ्यांनीही तेथेच यावयास हवे.