समीकरणात धडधडणारे हृदय

जिवंत पेशीचे वागणे गणितात मांडायचे, ते गणित संगणकावर सोडवायचे आणि आलेले उत्तर पुन्हा जिवंत पेशीशी ताडून पाहायचे, हा संगणकीय जैवअभियांत्रिकीचा गाभा. पदवीच्या पातळीवर ही विशेषशाखा तशी नवी. पण तिचा पाया घातला गेला तो जवळपास संगणकाविनाच!

ॲलन हॉजकिन आणि अँड्र्यू हक्स्ली या इंग्रज शास्त्रज्ञांनी स्क्विड या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग केले. सोडियम व पोटॅशियमचे आयन तंतूच्या पटलातून आतबाहेर कसे वाहतात हे मोजून त्यांनी ते अवकल समीकरणांत बसवले. समीकरणे सोडवायच्या वेळी केंब्रिज विद्यापीठाचा संगणक मोठ्या फेरबदलांसाठी बंद होता. हक्स्लींनी हाताने फिरवायच्या गणनयंत्रावर आकडेमोड केली. काही सहस्रांश सेकंद टिकणाऱ्या एका विद्युत्‌लहरीसाठी त्यांना सुमारे तीन आठवडे लागले. १९५२ साली हे काम प्रसिद्ध झाले आणि १९६३ मध्ये दोघांना नोबेल मिळाले.

लंडनचा तरुण संशोधक डेनिस नोबल हीच समीकरणे हृदयापर्यंत घेऊन गेला. कत्तलखान्यातून आणलेल्या मेंढ्यांच्या हृदयतंतूंवर तो प्रयोग करी. लंडन विद्यापीठाचा फेरांटी मर्क्युरी संगणक त्याला पहाटे दोन ते चार या वेळात मिळे. १९६० मध्ये त्याची गणिती हृदयपेशी आपल्या लयीत ठोके देऊ लागली.

तिच्यात एक उणीव होती. हृदयपेशीतला कॅल्शियमचा प्रवाह तेव्हा माहीतच नव्हता, त्यामुळे त्याचे काम सोडियमच्या प्रवाहाकडून करून घेतले गेले होते. पुढे प्रयोगांतून कॅल्शियमचा प्रवाह सापडला आणि नवी प्रतिमाने रचावी लागली. उत्तर जुळले म्हणजे कारणही सापडले असे नाही, हा या विद्येचा सर्वांत मोलाचा धडा आहे.

आज या धड्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. टर्फेनाडिन हे ॲलर्जीवरचे औषध हृदयातला पोटॅशियमचा एक मार्ग अडवते आणि त्यातून ठोक्यांची लय घातक रीतीने बिघडू शकते. म्हणूनच १९९० च्या दशकाअखेरीस ते अमेरिकेच्या बाजारातून गेले. नव्या औषधांतला असा धोका आधीच ओळखण्यासाठी २०१३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या उपक्रमात मानवी हृदयपेशीचे संगणकीय प्रतिमान वापरले जाते.

ही विद्या आता पदवीलाही शिकवली जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत जैवअभियांत्रिकीची सुरुवात १९६६ मध्ये झाली. तिथे आता बायोइन्फर्मेटिक्स आणि बायोसिस्टिम्स हे पदवीचे स्वतंत्र विषय आहेत. स्टॅनफर्डनेही बायोमेडिकल कॉम्प्युटेशन हा पदवीचा विषय सुरू केला. कलन, शरीरक्रियाशास्त्र, प्रोग्रॅमिंग आणि प्रयोगशाळेतले काम यांची या शाखेत सांगड घातली जाते. नोबलचे प्रतिमान विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर आज क्षणार्धात चालते. वेग यंत्राने दिला आहे. पेशीला नेमका कोणता प्रश्न विचारायचा आणि तिच्या उत्तरावर कितपत विसंबायचे, हे मात्र माणसालाच शिकावे लागते. पदवीची चार वर्षे त्याच शिक्षणासाठी असतात.