दहा मीटरवरची तार

हौशी रेडिओच्या जगात एक सल्ला कुणालाही फुकट मिळतो: अँटेना जमेल तितकी उंच चढवा. हॅम, म्हणजे सरकारी परीक्षा देऊन, परवाना आणि कॉलसाइन घेऊन छंद म्हणून बिनतारी संच चालवणारा माणूस, हे वाक्य पहिल्याच आठवड्यात ऐकतो आणि पुढे जन्मभर दुसऱ्यांना ऐकवतो. त्यामागे शंभर वर्षांचा अनुभव आहे, हे खरं. पण तो अनुभव कुठल्या कामाचा आहे, हे सहसा कुणी विचारत नाही. पुण्याजवळ खडकीला १९२७ साली इंग्लंडशी थेट संपर्कासाठी बिनतारी प्रक्षेपण केंद्र सुरू झालं. तिकडचे संदेश टिपण्याचं केंद्र दौंडला होतं. उंच मनोऱ्यांवर तारांचे पडदेच्या पडदे टांगले होते, आणि सगळी शक्ती क्षितिजालगत धरून सात हजार किलोमीटरवर पोचवायची, एवढंच त्यांचं काम होतं. दूर पोचते ती अँटेना चांगली, हा ग्रह त्या काळातला आहे. नाशिकच्या हॅमला अडीअडचणीला गाठायचं असतं ते मुंबई, पुणे, कोल्हापूर, फार तर नागपूर. त्या कामासाठी दुमजली घराच्या गच्चीवर बांबू रोवून जमिनीपासून दहा मीटरवर ताणलेली साधी तार ही एकवीस मीटरच्या मनोऱ्यावरच्या तारेपेक्षा सरस ठरते. गरिबाची तडजोड म्हणून मी हे म्हणत नाही. त्या कामाला तीच उंची योग्य आहे, आणि संगणकावर अँटेनाचं मॉडेल मांडलं की ते उघड दिसतं.

गणित सोपं आहे. ‘चाळीस मीटर’ नावाच्या पट्ट्यात, आपल्याकडे ७.० ते ७.२ मेगाहर्ट्झ, तरंगाची लांबी सुमारे ४२ मीटर असते. त्याच्या अर्ध्याला थोडी कमी, म्हणजे वीस मीटर तार घ्यायची, मधोमध तोडून तिथे केबल जोडायची, झाला डायपोल. या तारेतून निघालेल्या लहरी थेट वर जातात, तशाच खाली जमिनीवर आपटून परततात, आणि दोन्हींची बेरीज-वजाबाकी होऊन आकाशात एक आकार तयार होतो. तार तरंगाच्या पाव उंचीवर, म्हणजे साडेदहा मीटरवर असेल, तर डोक्यावरच्या दिशेला दोन्ही लहरी हातात हात घालून जातात. अर्ध्या उंचीवर, एकवीस मीटरवर, त्याच दिशेला त्या एकमेकींना खाऊन टाकतात आणि जोर क्षितिजापासून तीस अंशांवर जातो. वर साधारण तीनशे किलोमीटरवर आयनांबराचा थर लहरी परत पाठवतो. मुंबई नाशिकहून सरळ रेषेत १४० किलोमीटर, म्हणजे लहर जवळजवळ सरळ वर, पंचाहत्तर अंशांच्या पुढे पाठवावी लागते. कोल्हापूर ३७० किलोमीटर, तिथे साठ अंशांच्या आसपास. नागपूरला पंचेचाळीस. तीस अंशांनी निघालेली लहर उतरते ती हजार किलोमीटरवर, दिल्लीच्या परिसरात. जमीन आदर्श आरसा मानून हिशेब केला, तर मनोऱ्यावरची तार कोल्हापूरच्या दिशेला आपल्या कमाल जोराचा पाचवा हिस्सा देते आणि मुंबईच्या दिशेला जवळपास काहीच नाही. खरी माती हा खड्डा थोडा भरून काढते, बुजवत नाही. गंमत अशी, की १४ मेगाहर्ट्झला हीच दहा मीटरची उंची अर्ध्या तरंगाएवढी होते. एकाच बांबूवर दोन तारा बांधल्या तर एक घरचं बघते आणि दुसरी परदेशचं.

जवळच्या माणसाशी बोलायला एवढी आकाशाची फेरी कशाला, हातातला छोटा व्हीएचएफ संच आहे की? सपाट मुलखात तो पुरतो. पण १४५ मेगाहर्ट्झच्या लहरी नजरेच्या रेषेत जातात आणि आपल्या नजरेच्या रेषेत सह्याद्री उभा आहे. इगतपुरीच्या खाली कसारा घाट उतरला की नाशिकच्या गच्चीवरून कितीही चांगली यागी, म्हणजे एकाच दिशेला रोखायची अँटेना, रोखली तरी कोकणात आवाज पोचेलच याचा भरवसा नाही. ३० जुलै २०१४ ला आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर कोसळला, तेव्हा गाव दिसत नाही ही खबर बाहेर नेली ती एसटीच्या चालकाने. अशा खोऱ्यात जवळजवळ उभी वर जाऊन उभी खाली येणारी लहर ही एकच अशी, जिला डोंगर आडवा येत नाही. याच्या उलट उदाहरण पोर्ट ब्लेअरचं. डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत तिथे आधीच पोचलेल्या भारती प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हॅम रेडिओवरून मुख्य भूमीशी संपर्क राखला, आणि तो पल्ला तेराशे किलोमीटरच्या घरातला होता. तिथे डायपोल वर बघणारा असून चालणार नाही, हे उघड आहे. अंदमानची मदत समुद्रापलीकडून येते, नाशिकची घाटापलीकडून.

आता मॉडेलकडे. अँटेनाच्या तारेत कुठल्या जागी किती विद्युतप्रवाह वाहतो हे कळलं, की बाकी सगळं त्यातून निघतं. अडचण ही, की तारेच्या प्रत्येक तुकड्यातला प्रवाह बाकीच्या सगळ्या तुकड्यांवर परिणाम करतो आणि त्यांचा परिणाम उलट त्याच्यावर होतो. रॉजर हॅरिंग्टन यांनी १९६८ च्या पुस्तकात अशा प्रश्नांसाठीची पद्धत सविस्तर मांडली: तारेचे लहान भाग करा, प्रत्येकाचं एक समीकरण लिहा, सगळी एकदम सोडवा. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेत गेराल्ड बर्क आणि अँड्र्यू पॉज्जिओ यांनी १९८१ मध्ये ‘एनईसी-२’ हा प्रोग्रॅम याच पायावर तयार केला. तेव्हा त्याला मोठे संगणक लागत. आज कॉलेजच्या पोराचा लॅपटॉप तेच काम डोळ्याचं पातं लवायच्या आत करतो. ‘फोरनेक२’ फुकट आहे, आणि रॉय लेवॉलन यांचं ‘ईझेडनेक’ २०२२ पासून फुकट झालं. आपल्या तारेसाठी भरायचं तरी काय? दोन टोकांचे तीन-तीन आकडे: पूर्व-पश्चिम, उत्तर-दक्षिण, उंची. तारेची जाडी, समजा दोन मिलिमीटर. भाग एकवीस, विषम संख्या अशासाठी, की केबल जोडायला बरोबर मधला भाग हवा. शेवटी जमिनीचा प्रकार. मग उंचीच्या रकान्यात १० च्या जागी २१ लिहायचं आणि फुग्यासारखा वर आलेला आकार मधोमध चिरून दोन बाजूंना कलंडताना पाहायचा. हे चित्र एकदा पाहिलेला माणूस उंचीबद्दल पुन्हा आंधळेपणाने बोलणार नाही.

जुन्या हॅम मंडळींचा आक्षेप इथे येतो, आणि तो टाकाऊ नाही. तार तोडा, चढवा, एसडब्ल्यूआर मीटर लावा, आकडा जास्त आला तर पकडीने चार बोटं कापा. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललंय, मध्ये संगणक कशाला? मला वाटतं, यात दोन वेगळे प्रश्न एक समजले गेलेत. मीटर सांगतो की संचातली शक्ती परत न येता तारेकडे जाते आहे. ती पुढे कुठे जाते, हे तो सांगत नाही. केबलच्या टोकाला पन्नास ओमचा रोध जोडला तर मीटर उत्कृष्ट आकडा दाखवेल, आणि सगळी शक्ती त्या रोधाला तापवण्यात जाईल. दिल्लीकडे बघणारी तार आणि कोल्हापूरकडे बघणारी तार, दोन्ही मीटरवर सारख्याच गुणी दिसू शकतात. मात्र पकड टाकून देण्याचं कारण नाही. वायरमनकडे मिळणारी पीव्हीसी वेष्टनाची तार वापरली तर त्या वेष्टनामुळे ती विजेला दोन-तीन टक्के लांब ‘वाटते’. वीस मीटरमागे अर्धा मीटर. मूळ एनईसी-२ नुसती उघडी तार जाणतो. तेव्हा लांबी शेवटी पकडीनेच ठरते. उंची आणि दिशा मात्र बांबू रोवण्याआधी ठरवायची असते, आणि तिथे पकड काही उपयोगाची नाही.

यापेक्षा टोकदार आक्षेप असा, की मॉडेल खोटं बोलतं. बोलतं, पण कशाबद्दल ते ठाऊक असलं तर त्याच्यासोबत काम करता येतं. नाशिककरांना हे नव्याने सांगायला नको. दिंडोरी रस्त्यावरची ‘मेरी’, १९५९ मध्ये सुरू झालेली महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था, धरणांच्या सांडव्यांच्या छोट्या प्रतिकृती करून त्यावरून पाणी सोडून पाहणाऱ्यांपैकी. प्रतिकृतीत भिंत लहान करता येते, पण पाणी तेच राहतं. त्याचा चिकटपणा प्रमाणात लहान होत नाही. म्हणून अभियंते प्रतिकृती मोडीत काढत नाहीत. कुठला आकडा तिच्यावरून घ्यायचा आणि कुठला नाही, हे आधी ठरवतात. अँटेनाच्या मॉडेलमध्ये असा हट्टी घटक म्हणजे माती. प्रोग्रॅमची ठरीव ‘सरासरी जमीन’ दर मीटरला ०.००५ सीमेन्स वाहकतेची असते. आपल्याकडे गोदाकाठची काळी माती भाद्रपदात चिखल असते आणि वैशाखात भेगाळते. खाली बसाल्टचा कातळ. कुठला आकडा खरा? माझं उत्तर: दोन्ही टोकांचे घालून पाहा. दहा मीटरवरच्या तारेचा वर जाणारा जोर चांगल्या आणि वाईट जमिनीत एक-दीड डेसिबलने हलतो, जो कानाला जेमतेम कळतो. आकार तोच राहतो, कारण तो ठरतो उंची आणि तरंगाच्या गुणोत्तराने. तार अडीच-तीन मीटरवर आणली तर मात्र माती शक्ती पिऊन टाकते. ‘खाली’ म्हणजे वाटेल तितकी खाली, असा माझ्या म्हणण्याचा अर्थ कुणी काढू नये. गच्चीच्या स्लॅबमधल्या सळ्या हा आणखी एक उपद्रव. त्या मॉडेलमध्ये तारांची जाळी म्हणून काढता येतात. काम कंटाळवाणं आहे, पण स्लॅब आणि तारेत दोन हातांचंच अंतर असेल तर टाळू नये.

जाळीवरून एक गोष्ट, जी मला या सगळ्या विषयात सर्वांत नाशिकची वाटते. पुणे-नाशिक रस्त्यावर नारायणगावजवळ खोडदला गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे: पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या. त्या पत्र्याच्या नाहीत, तारेच्या जाळीच्या आहेत. जाळीची छिद्रं एक ते दोन सेंटीमीटरची आणि तिथे ऐकायच्या सर्वांत आखूड लहरी सुमारे वीस सेंटीमीटरच्या, म्हणून लहरींना जाळी आरशासारखी दिसते आणि वारा मात्र आरपार जातो. आता निफाड-दिंडोरीकडची द्राक्षबाग बघा. लोखंडी अँगलवर माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर गॅल्व्हनाइज्ड तारा, ओळीत साधारण नऊ फुटांचं अंतर. बेचाळीस मीटरच्या लहरीच्या मानाने नऊ फूट म्हणजे पंधरावा भाग. खोडदच्या जाळीचं गुणोत्तरही याच घरातलं. अंतराच्या मानाने बागेतली तार फार बारीक, त्यामुळे हा आरसा धूसर. तरी कोरड्या मुरमाड जमिनीपेक्षा बराच उजळ. अट एवढीच, की वरचा डायपोल बागेच्या तारांना समांतर हवा. आडवा टांगला तर त्या तारा त्याला दिसणारच नाहीत. सरळ वर बघणाऱ्या अँटेनाखाली मुद्दाम एक परावर्तक तार अंथरण्याची रीत जुनी आहे. इथे शेतकऱ्याने ती एकरभर अंथरून ठेवली आहे, द्राक्षांसाठी. मॉडेलमध्ये दहा-बारा ओळी काढून ही तुलना करायला एक संध्याकाळ पुरेल.

मोबाइल असताना हे सगळं हवंच कशाला, असं विचारणाऱ्याने ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ च्या सिंहस्थाचा विचार करावा. पर्वणीला गर्दी दोन ठिकाणी असते, रामकुंडावर आणि अठ्ठावीस किलोमीटरवर त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर, आणि एका टॉवरवर लाखो फोन एकदम चढले की काय होतं हे जत्रेत गेलेल्या कुणालाही सांगावं लागत नाही. त्या अठ्ठावीस किलोमीटरांसाठी व्हीएचएफ लागेल की नाही, हे मात्र एनईसी सांगू शकत नाही. त्याच्या लेखी जमीन सपाट; अंजनेरी आणि ब्रह्मगिरी त्याला माहीतच नाहीत. तिथे भूप्रदेशाचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं, आणि त्याहून खात्रीचं म्हणजे दोन संच घेऊन पावसाळ्यात प्रत्यक्ष जाऊन बोलून पाहणं.

माझ्या म्हणण्याची खरी कमजोर बाजू रात्रीची आहे. सूर्य मावळल्यावर आयनांबर विरळ होत जातं, आणि पुष्कळदा सात मेगाहर्ट्झची सरळ वर गेलेली लहर परत न येता अवकाशात निघून जाते. मुंबई गप्प होते, दिल्ली ऐकू येत राहते. तेव्हा मनोरावाला जिंकतो. उपाय खालच्या पट्ट्यात, साडेतीन मेगाहर्ट्झकडे उतरण्याचा. तिथे दहा मीटर म्हणजे तरंगाचा आठवा हिस्सा, जोर अजूनही वरच राहतो, पण तार चाळीस मीटर लागते आणि गच्ची असते पंधरा मीटरची. मॉडेल इथे पुन्हा कामाला येतं. तारेत प्रवाह मध्यात भरपूर आणि टोकांना शून्य असतो. दोन्ही टोकांचे पाच-पाच मीटर, म्हणजे तारेची चौथाई लांबी, खाली लोंबू दिली, तरी प्रवाहाच्या एकूण कामातला जेमतेम आठ टक्के भाग वळतो. मात्र टोकांना व्होल्टेज सर्वांत जास्त, त्यामुळे ती कुणाच्या हाताला लागणार नाहीत अशी टांगायची. एवढं करूनही तीस मीटर आडवी जागा हवीच, म्हणजे तारेचं दुसरं टोक समोरच्या इमारतीवर. आणि त्या सोसायटीच्या सचिवांची परवानगी भरायला प्रोग्रॅममध्ये रकाना नाही.