नऊ घरं

डबी मुठीत मावेल एवढी. बाहेरून पितळी, आतून सोनेरी मुलाम्याची, झाकणावर क्रूस. उघडताना बिजागरी किंचित करकरते. रविवारची पहिली मिस्सा संपत आली की फादर तिच्यात एकेक पांढरी चकती ठेवतात आणि शेजारी उभ्या असलेल्या मावशी ओठांतल्या ओठांत मोजतात. नऊ झाल्या की झाकण बंद. डबी कापडी पिशवीत, पिशवीची दोरी गळ्यात, वरून पदर. मग मावशी चपला घालून बाहेर पडतात आणि बोलणं थांबतं.

हे बोलणं थांबणंच मला खटकलं होतं. उत्तर वसईत, निर्मळ-नंदाखालच्या बाजूला, मी भाड्याने राहतो. मावशींची ओळख बाजारातली. अळूच्या जुडीवरून माझ्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणारी बाई रविवारी सकाळी समोरून आली, मी हाक मारली, तर नुसती मान हलवून पुढे गेली. दुसऱ्या दिवशी विचारलं. म्हणाल्या, "काल कम्युनियन होतं माझ्याजवळ. वाटेत गप्पा मारायच्या नसतात. नऊ घरं असतात मला." कम्युनियन म्हणजे मिस्सेत, चर्चमधल्या उपासनेत, ख्रिस्ताचं शरीर मानून घेतली जाणारी ती पांढरी चकती; चर्चला येऊ न शकणाऱ्यांना मावशी ती घरी नेऊन देतात. मी बरोबर येऊ का, म्हटलं. त्यांनी फादरांना विचारलं, ते समजण्यासारखं होतं. पण नऊही घरांना विचारलं, आणि सगळ्यांचा होकार आल्यावरच मला निरोप धाडला.

भंडारा जिल्ह्यातल्या दिघोरीत वाढलेल्या माणसाच्या डोक्यात कॅथलिक म्हटलं की काय येतं? नागपूरची कॉन्व्हेंट शाळा, एखाद्या दवाखान्यातली सिस्टर, आणि पारावर अधूनमधून तापणारा धर्मांतराचा विषय. केळीची बाग राखणारा, मराठीत प्रार्थना करणारा, पिढ्यान्‌पिढ्यांचा कॅथलिक शेतकरी आमच्या झाडीपट्टीत कुणाच्या कल्पनेतही नसतो. इथे तो सोळाव्या शतकापासून आहे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले. ही माणसं मात्र आपापल्या वाडीत, आपल्या बोलीसकट राहिली. मावशी घरात सामवेदीत बोलतात, ती माझ्या डोक्यावरून जाते. माझ्याशी बोलताना पुस्तकी मराठीवर येतात आणि थोड्या कडक होतात.

डबीतल्या चकत्यांविषयी. गव्हाचं पीठ आणि पाणी, बास. मीठ नाही, साखर नाही, खमीर नाही. पातळ पीठ दोन तापलेल्या तव्यांमध्ये दाबून पापुद्रा भाजायचा, तो कापताना तुटू नये म्हणून थोडा दमट होऊ द्यायचा, मग गोल कापायचा. चार मिळून जेमतेम एक ग्रॅम. गहूच हवा, हे चर्चच्या कायद्याचं ९२४ वं कलम सांगतं. गव्हातलं ग्लुटेन सोसत नाही अशांसाठीही ते अगदी कमी असलेली भाकर चालेल, अजिबात नसलेली नाही, असं रोमने २०१७ मध्ये पुन्हा बजावलं. मी धानाच्या मुलखातला. तांदूळ पिकवून तांदूळच खाणाऱ्या माणसांना देव भेटायचा तर गव्हातूनच, हा मला अन्याय वाटला आणि तसं मी बोलूनही दाखवलं. मावशी म्हणाल्या, "तांदळाची भाकरी आम्ही रोज खातो. ही रोजची नव्हे." वाद संपला, निदान त्यांच्या बाजूने.

पहिल्या घरी टेबलावर पांढरा कपडा, क्रूस, मेणबत्ती आणि पाण्याचा पेला तयार होता. क्रुसाची खूण, क्षमेची छोटी प्रार्थना, त्या दिवसाच्या शुभवर्तमानातला उतारा, प्रभूची प्रार्थना, मग डबी. दहा मिनिटांत आटोपतं. दुसऱ्या घरातल्या आजी पहाटेपासून चहाविना बसल्या होत्या. कम्युनियनआधी तासभर काही खायचं नाही, हा नियम धडधाकट माणसांना. म्हातारी, आजारी आणि त्यांची सेवा करणारी माणसं त्यातून मोकळी आहेत. पण आजींच्या लहानपणी मध्यरात्रीपासून उपवास असे, आणि १९६४ साली रोमने तो तासावर आणला तरी त्यांच्या पोटाने ते मान्य केलेलं नाही. मावशींनी प्रार्थनेआधीच झापलं. "साखर उतरली तर देव नाही विचारणार आजी, डॉक्टर विचारतील." आजी हसल्या. पुढच्या रविवारीही त्या तशाच बसणार, हे दोघींना ठाऊक असावं.

तिसऱ्या घराबद्दल मात्र सावकाश सांगायला हवं. खाटेवरच्या बाबांना पक्षाघाताने डावीकडून धरलंय. गिळताना ठसका लागतो. खोलीत तेलाचा आणि डेटॉलचा वास. मुलगा-सून दुबईला, सांभाळायला जव्हारकडची एक बाई. कपडा तिनेच अंथरला होता, मेणबत्ती तिनेच लावली, आणि प्रार्थनेत पुढे काय येतं ते तिला माझ्याआधी कळत होतं. ती ख्रिस्ती नाही. बाबा आठवडाभर कुणाला गालाला हात लावू देत नाहीत, रविवारी सकाळी मात्र दाढीला मुकाट बसतात, असं तिने मला दारातच सांगितलं होतं. मावशींनी चकती काढली, बोटांच्या टोकांनी मोडली. अर्धी, मग अर्ध्याचा अर्धा, मग मसुरीच्या डाळीएवढा कण. चार मिळून एक ग्रॅम असलेल्या वस्तूचा तो कण. कणातही पूर्ण ख्रिस्त असतो, अशी कॅथलिक श्रद्धा, म्हणून बाबांना कमी मिळालं असं कुणी म्हणत नाही. चमच्यात पाणी, पाण्यात कण, चमचा उजव्या गालाच्या बाजूने. मग मावशींनी त्यांचा गळा पाहायला सुरुवात केली. प्रार्थना नाही, शब्द नाही, नजर फक्त गळ्यावर. घाटी एकदा वर गेली, अडली, खाली आली. जव्हारच्या बाईने सोडलेला श्वास मला ऐकू आला. उरलेले तुकडे मावशींनी स्वतः घेतले, बोटं पाण्यात बुडवली, ते पाणीही प्यायल्या.

श्रद्धा नसलेला मी तिथे उभा राहून काय पाहत होतो, ते मला अजून नीट सांगता येणार नाही. त्या घराकडे माझं मन परत परत जातं एवढं खरं.

हे काम जुनं आहे. इ. स. १५५ च्या सुमारास रोममध्ये लिहिणाऱ्या जस्टिनने नोंदवलंय की सभेला न आलेल्यांकडे सेवक भाकर घेऊन जातात. पुढे ते याजकांच्या हाती एकवटलं, आणि सामान्य माणसांना, म्हणजे बायकांनाही, ते सगळीकडे करू द्यायला २९ जानेवारी १९७३ उजाडावं लागलं. त्या दिवशी, पोप सहावे पॉल यांच्या काळात, तशी सर्वसाधारण परवानगी निघाली. वेदीवर बाईने उभं राहून मिस्सा अर्पण करणं आजही नाही. चिखल तुडवत नऊ घरं करायला मात्र चर्चला बाई चालते. मावशींना हे बोललो असतो तर त्यांनी मला अळूच्या भावावर आणून सोडलं असतं, म्हणून बोललो नाही.

मधल्या घरांपैकी एकात मुलाने टीव्हीवर मिस्सेचं थेट प्रक्षेपण लावून ठेवलं होतं. मार्च २०२० मध्ये चर्चची दारं बंद झाली तेव्हा ही सवय लागली. मावशींनी रिमोट मागितला आणि आवाज बंद केला. चित्र चालू राहिलं, प्रार्थना इकडे चालू राहिली.

सातव्या घराला कुलूप. शेजारच्या वहिनींनी सांगितलं, तिथल्या आजींना रात्री अकराला दम लागला, वसई रोडला हॉस्पिटलात नेलंय. मावशी क्षणभर थांबल्या आणि आठव्या घराकडे वळल्या. पेच मला उशिरा कळला. एरवी परतताना डबी रिकामी असते, म्हणून परतीच्या वाटेवर बोलता येतं. माझे सगळे प्रश्न मी त्या वाटेसाठी राखून ठेवले होते. नऊ घेतल्या, आठ दिल्या, एक उरली. त्यामुळे परतीचा सगळा रस्ता, दोन्हीकडे केळी, मध्ये टँकर आणि नव्या इमारतींचे फलक, आम्ही गप्प. चर्चमध्ये उरलेली चकती वेदीजवळच्या कुलूपबंद पेटीत गेली, मावशींनी गुडघा टेकला, डबी पुसून कपाटात ठेवली, आणि मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता विचारा."

मी विचारलं, तुम्ही तुमच्या श्रद्धेबद्दल दुसऱ्या धर्माच्या माणसांशी बोलता का? माझ्या गावच्या पारावरचाच प्रश्न, जरा सभ्य भाषेत. त्यांना तो विचित्र वाटला. बाजारात कुणाला वेळ आहे, म्हणाल्या. मग आठवून सांगू लागल्या. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस जमिनी आणि पाणी बिल्डरांच्या हाती जाऊ लागलं तेव्हा हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली, फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे होते, मोर्च्यांत हिंदू-ख्रिस्ती दोघेही चालले. मावशीही चालल्या, कडेवर पोर घेऊन. हेच दिब्रिटो पुढे उस्मानाबादच्या ९३ व्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा 'फादर कसे?' म्हणून विरोध झाला होता. मावशींना संमेलनात फारसा रस नाही. "विहिरीचं पाणी खारं होत होतं, म्हणून गेलो," त्या म्हणाल्या. "त्यात देव होताच की. वेगळं काय सांगायचं?"

मला हे उत्तर पुरेसं वाटलं. एखाद्या धर्मप्रसारकाला वाटणार नाही. श्रद्धा पोहोचवणं म्हणजे पटवणं, अशी समजूत दोन्ही बाजूंना आहे: पटवायला निघालेल्यांना आणि त्यांना घाबरणाऱ्यांनाही. या बाईला पटवण्यात रस नाही, पोहोचवण्यात आहे. जव्हारच्या बाईलाही मावशींनी कधी काही विचारलेलं नाही. फक्त चमचा कुठल्या बाजूने धरायचा ते शिकवलंय, म्हणजे एरवी पेज भरवताना उपयोगी पडेल.

कपाटात एक वही आहे. नऊ नावं, पुढे रविवारांचे चौकोन. सातव्या नावापुढे मावशींनी बरोबरची खूण न करता हॉस्पिटलचं नाव आणि वॉर्ड लिहिला; तो त्यांनी एव्हाना फोन करून मिळवला होता. आजींची तब्येत बरी नव्हती. अशा वेळी लागणारा तेलाचा अभ्यंग फक्त धर्मगुरूच देऊ शकतो, तिथे मावशींचा हात थांबतो. फादर शेजारच्या खोलीत बाप्तिस्म्याच्या तयारीत होते. मावशी दारात उभ्या राहिल्या. संध्याकाळी जातो, फादर म्हणाले, साडेचार-पाचला.

"चारला निघा," मावशी म्हणाल्या. "साडेचारनंतर अंबाडी रोडला गाडी हलत नाही."