चामडी म्यानातील पात्यांचा गंज

चामडी म्यानातील पात्यांचा गंज म्हणजे चामड्याच्या म्यानात ठेवलेल्या चाकूच्या पोलादी पात्यावर पडणारे काळपट डाग, तांबूस गंज आणि बारीक खड्डे. म्यान धारेचे रक्षण करते. परंतु चाकू त्यात दीर्घकाळ पडून राहिल्यास तेच गंजाचे कारण ठरते.

कारणे

चामडे सच्छिद्र असल्याने हवेतील ओलावा व घाम शोषून घेते आणि तो पात्याला लागून धरून ठेवते. सापेक्ष आर्द्रता सुमारे ६० टक्क्यांपुढे गेली की उघडे पोलाद वेगाने गंजू लागते. पिंपरी-चिंचवड व चाकण पट्ट्यात पावसाळ्यात ही मर्यादा सहज ओलांडली जाते. घामातील क्षार ही क्रिया आणखी वाढवतात.

चामडे कमावण्याच्या पद्धतीचाही परिणाम होतो. बाभळीची साल, तरवड किंवा हिरडा वापरून कमावलेल्या चामड्यात टॅनिन असते. ओलाव्यात त्याचा लोखंडाशी संयोग होऊन निळसर काळा पदार्थ तयार होतो; लोहयुक्त काळी शाई याच क्रियेतून बनवली जात असे. (हिरडा हे चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच्या पश्चिमेकडील भीमाशंकर परिसराचे प्रमुख वनोपज आहे.) क्रोम पद्धतीच्या चामड्यातही आम्ल व क्षारांचा अंश राहू शकतो, त्यामुळे ते पूर्णतः निर्धोक नसते.

कैरी चिरून काळी पडलेली विळी गंजलेली नसते; तो पृष्ठभागावरचा थर असतो. तांबूस, खरबरीत गंज मात्र पाते पोखरतो. स्टेनलेस पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते व त्याचा संरक्षक थर ऑक्सिजनमुळे टिकतो. ओल्या, घट्ट म्यानात ऑक्सिजन अपुरा पडल्यास या पोलादालाही खड्डे पडू शकतात.

प्रतिबंध

वापरानंतर पाते पुसून पूर्ण कोरडे करतात आणि त्यावर खनिज तेलाचा पातळ थर देतात. शिलाई यंत्राचे तेल यासाठी पुरेसे असते. खाद्यतेल कालांतराने चिकट होते. मात्र फळे वा भाजी चिरण्याच्या चाकूला खाण्यास निर्धोक असे खनिज तेलच लावावे लागते. भिजलेले म्यान सावलीत वाळवतात. उन्हात किंवा शेगडीजवळ ते आक्रसते.

साठवणीत चाकू व म्यान वेगळे ठेवणे हा सर्वांत खात्रीचा उपाय होय. या पट्ट्यातील वाहन-उद्योगात यंत्रण केलेले पोलादी भाग गंजरोधक तेल लावून, बाष्पशील गंजरोधक कागदात गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करतात. घरीही तेल लावलेला चाकू अशा कागदात ठेवता येतो. म्यानाच्या पितळी बटनांवर दिसणारी हिरवी पुटी चामड्यातील स्निग्ध पदार्थांची तांब्याशी अभिक्रिया होऊन तयार होते. ती कोरड्या कापडाने पुसतात.