मागच्या चाकांचे गणित

मालवणहून बर्फात भरलेली मासळी घेऊन एक ट्रक कोल्हापूरला निघाला आहे. कसाळ, कणकवली मागे पडते आणि फोंडा घाट सुरू होतो. थोड्याच वेळात इंजिन घरघरू लागते व ड्रायव्हर खालचा गिअर टाकतो. गिअरबॉक्स आपल्याला माहीत असते. पण ट्रकखाली, मागच्या आसाच्या मध्यावर जो फुगीर लोखंडी गोळा दिसतो, त्यातही दातेरी चाकांची एक जोडी असते. लहान चाक ते पिनियन, मोठे ते क्राऊन.

पिनियनला 7 आणि क्राऊनला 41 दाते असले, तर पिनियनचे 5.86 फेरे झाल्यावर मागची चाके एकदा फिरतात. काही ट्रकांत ही जोडी 6 व 41 दात्यांची असते. तेव्हा गुणोत्तर 6.83 होते. 41 हा विचित्र आकडा का, असे तुम्ही विचाराल. 7 आणि 42 घेतले असते, तर पिनियनचा प्रत्येक दात क्राऊनच्या त्याच सहा दात्यांवर कायम घासत राहिला असता. 41 ही मूळ संख्या असल्याने प्रत्येक दात पाळीपाळीने सर्वांना भेटतो व झीज सारखी होते.

आता दोन ट्रक घेऊ. फरक फक्त या जोडीचा. समजा, वजन भरून 10 टन, चाकाची त्रिज्या अर्धा मीटर आणि इंजिनाचा पीळ 40 किलोग्रॅम-मीटर; म्हणजे एक मीटर लांब दांडीच्या टोकाला 40 किलो वजन टांगल्यावर बसेल इतका. इंजिन मिनिटाला 2000 फेरे करत असताना, वरच्या गिअरमध्ये सपाटीवर पहिला ट्रक (5.86) ताशी 64 किलोमीटर जाईल, दुसरा (6.83) 55. पहिलाच बरा, नाही का?

घाटात पाहू. दर 15 मीटरला 1 मीटर चढ धरला, तर 10,000 ला 15 ने भागून 667 किलो ओढ लागते. रस्त्याच्या घर्षणाचे सुमारे 100 मिळवा, झाले 767. तिसऱ्या गिअरचे गुणोत्तर 1.6 असेल, तर पहिल्या ट्रकची ओढ 40 × 5.86 × 1.6 ÷ 0.5, म्हणजे 750 भरते. थोडक्यात हुकले! त्याला दुसऱ्या गिअरवर यावे लागते. त्याचे गुणोत्तर 2.7 धरले, तर वेग उरतो ताशी 24. दुसऱ्या ट्रकला तिसऱ्यातच 874 मिळतात आणि तो ताशी 34 ने चढतो. सपाटीवरचा वेगवान ट्रक घाटात मागे राहिला. शक्ती दोघांची एकच. गुणोत्तराने ओढ वाढते तेवढाच वेग घटतो.

ट्रकला निदान गिअर बदलण्याची सोय आहे. ती नसेल तर? अमेरिकेत मातीच्या लंबवर्तुळाकार ट्रॅकवर धावणाऱ्या स्प्रिंट कारमध्ये शर्यतीत बदलण्याजोगे गिअरच नसतात. वळणावर इंजिन दमू नये आणि सरळ पट्ट्यात मर्यादेपलीकडे फिरू नये, ही दोन्ही कामे मागच्या एकाच गुणोत्तराला करावी लागतात. म्हणून तिथे क्राऊन-पिनियन कायम ठेवून मागच्या झाकणाआडची दोन साधी दातेरी चाके काही मिनिटांत बदलतात. मूळ गुणोत्तर 5 असेल आणि चाके 24 व 25 दात्यांची, तर 5.21 मिळते, तीच चाके अदलाबदल करून बसवली की 4.8. ट्रॅक लहान असेल तर मोठे गुणोत्तर, लांब असेल तर लहान. माती निसरडी झाली, की जादा ओढ व्यर्थ जाते. चाक जागीच फिरते. पावसाळ्यात तांबड्या चिखलात रुतलेली जीप पाहिलेल्यांना हे सांगायला नको.

परतीच्या वाटेवर हेच गुणोत्तर रक्षण करते. गाडी गिअरमध्ये असताना उतारावर चाकेच इंजिनाला फिरवतात, आणि इंजिनाचा अडथळा तितक्याच पटीने वाढून चाकांना रोखतो. डिझेल वाचवण्यासाठी काही जण न्यूट्रलमध्ये गाडी सोडतात. मग सारा भार ब्रेकवर पडतो, ड्रम तापतात आणि नेमक्या वळणावर ब्रेक लागत नाही. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्यातच उतरा, असे जुने ड्रायव्हर सांगतात ते यासाठी.

तुमच्या सायकलीचे पुढचे व मागचे दाते मोजा. पुढच्या संख्येला मागचीने भागा आणि चाकाच्या परिघाने गुणा. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल किती पुढे जाते ते कळेल. मग खडूची खूण करून अंगणात पडताळून पाहा.