आवडता खेळ आणि न सुटणारा खेळ

मे महिन्याची सुटी लागली, की मुंबई-पुण्याचे चाकरमानी राजापूर रोड स्थानकावर उतरतात आणि मिळेल त्या वाहनाने तालुक्यातल्या वाड्यावाड्यांवर पोहोचतात. परसात आंबे पिकलेले असतात, फणस उतरवायचे असतात, काजू भाजायचे असतात. मुले मात्र ओटीच्या ज्या कोपऱ्यात मोबाइलची रेंज मिळते, तेथे मान खाली घालून बसलेली. ‘एवढे आहे तरी काय त्या डबीत?’ हा आजोबांचा प्रश्न. घरातून त्याला बहुधा दोनच उत्तरे मिळतात. आई-वडील म्हणतात, व्यसन. मुले म्हणतात, टाइमपास. दोन्ही उत्तरांनी मूळ प्रश्नाला बगल दिली जाते. व्हिडिओ गेममध्ये आनंद नेमका कशाचा असतो आणि त्यातला कोणता आनंद खरा, हे समजून घेतल्याशिवाय मुलांना हो म्हणण्यालाही अर्थ नाही आणि नाही म्हणण्यालाही.

वास्तविक आजोबांना हे आकर्षण परके नसावे. लगोरी आठवा. सात चकत्या एकावर एक रचायला हात पुरेत. पण रचताना पाठीत चेंडू बसणार, हा नियम सर्वांनी आपखुशीने मान्य केलेला. विटी हाताने उचलून लांब फेकता येते. तरी ती दांडूनेच कोलायची. बर्नार्ड स्यूट्स या तत्त्वचिंतकाने १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात खेळाचे मर्म येथेच दाखवले. आवश्यक नसलेला अडथळा स्वतःहून पत्करायचा आणि तो ओलांडण्याची धडपड करायची, म्हणजे खेळणे. व्हिडिओ गेमने या व्याख्येत काहीही बदललेले नाही. नियम सांभाळणे, गुण मोजणे आणि प्रतिस्पर्ध्याची चाल खेळणे ही कामे तेवढी यंत्राकडे गेली आहेत.

राजापूर बंदराचा डाव

हे यंत्र रंजन कसे करते, हे पाहण्यासाठी एक कल्पना करू. समजा, खुद्द राजापूरवरच एक व्हिडिओ गेम तयार करायचा आहे. साहित्य तयार आहे. अर्जुना नदीच्या काठचे हे गाव सतराव्या शतकात कोकणातले नावाजलेले बंदर होते. खाडीतून गलबते येत, अणुस्कुरा घाटाने बैलांचे तांडे कोल्हापूरकडे माल नेत, मिरी आणि कापड यांचा व्यापार चाले. इंग्रजांनी येथे वखार घातली होती आणि १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी हे बंदर ताब्यात घेऊन ती वखार लुटली. आपल्या खेळातला खेळाडू एक छोटा व्यापारी आहे. त्याच्याजवळ एक गलबत आणि दहा बैल. पावसाळा सुरू होऊन समुद्र बंद होण्याआधी त्याने माल घाटावर पोहोचवायचा आहे.

उद्दिष्ट ठरले, पण एवढ्याने खेळ रंगणार नाही. पहिला प्रश्न असा, की खेळाडूला नियम कळणार कसे? माहितीचे पान वाचायला दिले, तर तो कंटाळून उठेल. १९८५ च्या ‘सुपर मारियो ब्रदर्स’ची थोरवी येथे दिसते. पहिल्याच दृश्यात समोरून एक तपकिरी प्राणी चालत येतो. त्याला धडकले की मारियो मरतो. दुसऱ्या खेपेस खेळणारा उडी मारतो आणि वाचतो. उडी मारताना डोके वरच्या विटेला लागले, तर बक्षीस बाहेर पडते. शिगेरू मियामोतो यांच्या चमूने एक अक्षरही न लिहिता अर्ध्या मिनिटात उडी, धोका आणि लाभ हे तिन्ही धडे दिले. आपल्या राजापुरी खेळातही पहिले गलबत ओहोटीला गाळात रुतले पाहिजे. भरतीची वाट पाहावी लागते, हे खेळाडूला मग सांगावे लागणार नाही. स्वतः शोधून काढलेला नियम शिकवलेल्या नियमाहून गोड लागतो.

दुसरा प्रश्न काठिण्याचा. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या तल्लीन अवस्थेचा अनेक वर्षे अभ्यास केला. काम कौशल्याच्या मानाने फार सोपे असेल तर माणूस कंटाळतो, फार अवघड असेल तर धास्तावतो. दोहोंच्या मधल्या अरुंद वाटेवर त्याला वेळेचे भान राहत नाही, असा त्यांचा निष्कर्ष. शाळेतला शिक्षक पन्नास मुलांसाठी ही वाट एकाच वेळी सांभाळू शकत नाही. गेमला ते सहज जमते. मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये रचलेला ‘टेट्रिस’ हे त्याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण. चार चौकोनांच्या सात आकृती वरून पडतात. त्या फिरवून ओळ पूर्ण केली की ती नाहीशी होते. हात बसू लागला की वेग वाढतो. नाहीशा झालेल्या ओळी दिसत नाहीत, आपल्या चुका मात्र ढीग होऊन पडद्यावर उभ्या राहतात. तो ढीग निस्तरण्याची ओढ खेळणाऱ्याला जागेवरून उठू देत नाही.

नोकियाच्या फोनवर १९९७ मध्ये आलेल्या ‘स्नेक’ची युक्ती याहून साधी आहे. साप खातो तसा लांब होतो आणि शेवटी स्वतःच्याच शेपटीला धडकतो. आपले यशच आपला अडथळा होते. आजच्या पस्तिशी-चाळिशीतल्या कित्येकांनी बसच्या रांगेत हा खेळ खेळला आहे. आपल्या व्यापाऱ्यालाही हाच नियम लावता येईल. बैल वाढले की चारा वाढतो, तांडा लांबला की घाटातली वाट अपुरी पडते.

हरण्याची मुभा

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि पालकांच्या नजरेतून हमखास सुटणारी. गेममध्ये हरता येते. राजापूरच्या बाजारपेठेत पुराचे पाणी शिरणे गावाला नवे नाही. अर्जुना आणि कोदवली नद्या फुगल्या की जवाहर चौकातल्या दुकानदाराला माळ्यावर माल चढवावा लागतो. त्याच्या एका चुकीची किंमत वर्षभराची कमाई असू शकते. पडद्यावरच्या व्यापाऱ्याचे गलबत बुडाले, तर पाच मिनिटांत नवे मिळते. तो पुन्हा निघतो, या वेळी थोडा शहाणा होऊन. परीक्षेत एकदा चुकलेले उत्तर वर्षभर चिकटून राहते. गेममध्ये तीच पायरी चाळीस वेळा चुकून एकेचाळिसाव्या वेळी चढता येते आणि मधल्या चाळीस वेळा कोणी रागावत नाही. अपयशाची भीती ज्याच्या वाट्याला रोज येते, त्या मुलाला याचे मोल अधिक वाटणार.

चौथी गोष्ट सोबतीची. नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायची स्वस्त यंत्रे मध्यमवर्गीय घरांत आली. कॅसेट चालली नाही की तिच्यात फुंकर मारायची, हा उपाय न शिकवताच देशभर पसरला. ‘काँट्रा’ त्या काळी अनेकांचा लाडका, कारण तो दोघांना खांद्याला खांदा लावून खेळता येई आणि एकाचे प्राण संपले, तर दुसऱ्याचे उसने घेता येत. सोंगट्यांच्या आपल्या जुन्या पटावरून इंग्लंडमध्ये ‘ल्युडो’ तयार झाला. तो २०१६ मध्ये नवी मुंबईच्या एका कंपनीने ‘ल्युडो किंग’ या नावाने मोबाइलवर आणला. २०२० च्या टाळेबंदीत दूर अडकलेल्या कुटुंबांनी तो तासन्‌तास खेळला. त्या खेळात कौशल्य थोडे आणि नशीब फार. पण काकाची सोंगटी मारल्यावर पलीकडून येणारी आरोळी हेच त्याचे खरे बक्षीस होते. शंभर जण एका बेटावर उतरतात आणि सुरक्षित वर्तुळ आकसत जाते, अशी ‘पब्जी’ची रचना. भारतात त्यावर सप्टेंबर २०२० मध्ये बंदी आली आणि २०२१ मध्ये तो नव्या नावाने परतला. त्याच्या आकर्षणातही बंदुकीइतकाच वाटा कानात बोलणाऱ्या तीन मित्रांचा आहे.

पाचवी गोष्ट कल्पनेची. काही काळ दुसरे कोणी होण्याचे सुख रत्नागिरी जिल्ह्याला ठाऊक आहे. शिमग्यात नमन सादर करणाऱ्यांना येथे ‘खेळे’च म्हणतात. पुण्याच्या ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ने २०२० मध्ये ‘राजी’ हा गेम जगापुढे आणला. हरवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघालेली मुलगी त्याची नायिका आहे आणि त्यातले महाल, देवदेवता, राक्षस आपल्या पुराणकथांतून आले आहेत. त्या वर्षीच्या ‘गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या सर्वोत्कृष्ट खेळांत त्याला नामांकन मिळाले.

गंगा आली रे!

येथवर सांगितलेला आनंद खेळाडूच्या करामतीतून आलेला आहे. गेमच्या धंद्याला मात्र आणखी एक वाट सापडली. ती समजायला राजापूरसारखे दुसरे ठिकाण नाही. गावाजवळच्या उन्हाळे येथे चौदा कुंडे आहेत. एरवी ती कोरडी असतात. साधारण तीन वर्षांनी तेथे एकाएकी पाणी प्रकटते, काही काळ वाहते आणि आले तसे नाहीसे होते. हीच राजापूरची गंगा. तिचा नेम नाही. कधी लवकर येते, कधी ताटकळत ठेवते. ‘गंगा आली’ अशी बातमी पसरताच दूरदूरचे भाविक निघतात. क्वचित उगवणाऱ्या पाहुण्याला ‘राजापूरची गंगा’ म्हणण्याचा प्रघात त्यातूनच पडला. रोज वाहणाऱ्या अर्जुनेकडे कोणी अशी धाव घेत नाही.

अनिश्चित लाभाची ही ओढ बी. एफ. स्किनर यांनी प्रयोगशाळेत तपासली. कळ दाबली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणे बंद होताच पक्षी लवकरच कळ सोडून देतो. दाणा कधी मिळतो, कधी नाही, असे असेल, तर दाणे बंद झाल्यावरही तो कितीतरी वेळ टोचत राहतो. मोबाइलवरच्या अनेक फुकट खेळांची उभारणी याच तत्त्वावर आहे. पेटी उघडा, आत काय निघेल सांगता येत नाही. रोज हजेरी लावा, एक दिवस चुकला तर साखळी तुटेल. ‘शक्ती’ संपली, चार तास थांबा किंवा पैसे भरा. यात खेळाडूच्या कौशल्याला काम नाही, त्याच्या धीराची तेवढी परीक्षा आहे. अशा पैशाच्या पेट्यांना बेल्जियमने २०१८ मध्ये जुगार ठरवले.

गंगा आणि पेटी यांत एक मोठा फरक आहे. गंगा आटते. कुंडे कोरडी पडली, की भाविक आपापल्या घरी जातात. जुन्या गेमलाही शेवट होता. तिन्ही प्राण संपले, ‘गेम ओव्हर’ झाले, की उठावेच लागे. आजच्या अनेक खेळांतून हा शेवटच काढून टाकलेला आहे. मुलाने ‘पाच मिनिटे थांब’ म्हणावे आणि ती पाच मिनिटे कधीच संपू नयेत, याचे कारण पुष्कळदा मुलाच्या स्वभावात नसून खेळाच्या बांधणीत असते.

तीन प्रश्न

म्हणून ‘किती वेळ खेळतोस’ या प्रश्नाच्या आधी आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत. महिन्यापूर्वी न जमणारे असे काय आता जमते? हा डाव संपतो केव्हा? आणि खेळून उठल्यावर कसे वाटते? पहिल्या दोहोंना मुलाकडे उत्साहाने भरलेली उत्तरे असतील, तर तो आवडता खेळ समजावा. उत्तरे मिळाली नाहीत आणि तिसऱ्यावर मान खाली गेली, तर तो न सुटणारा खेळ. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये गेमिंगच्या विकाराला आजारांच्या यादीत स्थान दिले, तेव्हाही केवळ तासांचा हिशेब निकष मानला नाही. खेळावरचा ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा तो वरचढ होणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालू राहणे, ही लक्षणे तिने सांगितली. असे दिसत असेल, तर मोबाइल हिसकावण्यापेक्षा डॉक्टरांचा सल्ला उपयोगी पडतो.

पैसे लावून खेळायच्या गेमचा प्रश्न आणखी निराळा. सारीपाटात म्हाळसेकडून हरल्यामुळे खंडोबाला बारा वर्षे घर सोडावे लागले, असे लोककथा सांगते. पण लावलेला डाव घरापर्यंत पोहोचतो, हे शहाणपण इतके जुने आहे. संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली आणि त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्‌स व सामाजिक खेळांना उत्तेजन देण्याची तरतूद ठेवली. खेळ आणि जुगार यांच्यात कायद्यानेही भेद केला आहे. घरातल्या मोठ्यांना तो करता यावा, यासाठी खेळ आतून ठाऊक हवा.

त्याची सुरुवात ओटीवरच्या त्या कोपऱ्यातून होऊ शकते. आजोबांनी नातवाजवळ बसावे आणि एक डाव शिकवायला सांगावा. पहिल्या अर्ध्या मिनिटात ते हरतील. नातू हसेल, मग ‘आजोबा, आता उडी मारा’ म्हणून त्यांचे बोट धरून दाखवील. डाव संपला, की लगोरीच्या चकत्या शोधायला अंगणात उतरायचे. तेथे हरण्याची पाळी नातवाची.